दोर फेकणारी बंदूक

पिस्तुलं आणि बंदुका मिळून मी आयुष्यात एकोणीस काढल्या. काढल्या म्हणजे कागदावर, शाईने. त्याखेरीज मिक्सरची भांडी, कुलपं, कुकरच्या शिट्ट्या, उंदरांचे सापळे आणि आपोआप हलणारा एक पाळणाही काढला. पण ते सांगितलं की लोक जांभया देतात. बंदूक म्हटलं की खुर्ची पुढे ओढतात.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरी पूर्वेला बेअरिंगच्या एका दुकानावर, दोन खोल्यांत रेगेसाहेबांचं ऑफिस होतं. कुणी नवीन वस्तू शोधून काढली की तिच्यावर आपला हक्क लागावा म्हणून सरकारकडे पेटंटचा अर्ज करावा लागतो. साहेब अर्जाचा मजकूर लिहायचे, मी चित्रं काढायचे. मी तेवीस वर्षांची, आय.टी.आय.चा कोर्स केलेली, घाटकोपरहून डबा घेऊन येणारी. माझ्या सर्टिफिकेटवर ‘ड्राफ्ट्समन’ असंच छापलं होतं. त्यामुळे नवीन गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारायचं, ‘ड्राफ्ट्समन कुठे आहेत?’ मी हात वर करायचे.

पेटंटचं चित्र इतर चित्रांसारखं नसतं. त्यात मापं लिहीत नाहीत. प्रत्येक भागाला नंबर असतो, आणि एका भागाला एक नंबर दिला की सगळ्या आकृत्यांत तोच राहतो. एक आकृती बाहेरून, एक वरून, आणि एक वस्तू मधोमध कापल्यासारखी, आतलं सगळं दाखवणारी. ही कापलेली आकृती सगळ्यात अवघड. बाहेरून वस्तू कशीही मिरवू दे, कापली की ती खोटं बोलू शकत नाही.

साहेबांचा एकच नियम होता. ‘वंदना, तो सांगेल ते काढायचं. तुला वाटेल ते नाही. बुद्धी त्याची, हात तुझा.’

पहिली बंदूक बोरिवलीच्या एका निवृत्त सुभेदारांची. भिंतीआडून, कोपऱ्यापलीकडे गोळी मारणारी वाकडी नळी. डोक्यात वीस वर्षं बाळगलेली. अर्जाआधी अशी वस्तू जगात कुणी केली आहे का, हे शोधावं लागतं. साहेबांच्या ओळखीने मला पवईच्या एका संस्थेच्या ग्रंथालयात बसायला मिळायचं. तिथे परदेशी पेटंटांचे आणि शस्त्रांवरचे जाडजूड खंड होते. तिसऱ्या दिवशी वाकडी नळी सापडली. जर्मनांनी युद्धात करून पाहिली होती. थोड्याच गोळ्यांत नळीची वाट लागायची, आणि गोळीचे तुकडे होऊन बाहेर पडायचे. सुभेदारांना मी ते पान दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘म्हणजे मी बरोबर होतो.’ मग टोपी घालून गेले.

त्या खंडांचा मला नाद लागला. एका इंग्रजाची तिवईवरची बंदूक, ख्रिस्ती शत्रूसाठी गोल गोळ्या आणि तुर्कांसाठी चौकोनी. बदकाच्या पंजासारख्या चार नळ्या फाकलेलं पिस्तूल. तोंडाने वाजवायच्या बाजासारखी पट्टी आडवी सरकत जाणारं एक. मुठीत दाबून उडवायचं, घड्याळाएवढं एक. गोळीऐवजी चिमुकलं रॉकेट सोडणारं अमेरिकन पिस्तूल; त्याची गोळी तोंडाशी इतकी मंद की जवळच्या माणसाला ती लागेल की नाही याचीच शंका. बहुतेक सगळी फसलेली. त्या प्रत्येकाचं चित्र कुणीतरी वाकून, मान मोडून काढलेलं होतं. शस्त्राबद्दल मला काही प्रेम नव्हतं. पण त्या रेघा काढणाऱ्यांची मला कीव यायची आणि थोडा हेवाही वाटायचा.

या वाचनातली एक गोष्ट मनात रुतून बसली. काही देशांत पितळी काडतुसाशिवाय चालणाऱ्या बंदुका करून पाहत होते. दारूचीच वडी करायची, तीच जळून जाणार. कल्पना झकास. पण पितळेचं काडतूस एक काम गुपचूप करत असतं: मागच्या बाजूने आग गळू देत नाही. ते नसलं की नळीचं मागचं झाकण घट्ट बसलेलं असणं, एवढाच काय तो माणसाचा आणि आगीचा दुरावा.

हे मी वाचलं आणि पुढच्याच महिन्यात हिराजीकाका आले.

पन्नाशी उलटलेले, काळेसावळे, बोटं लोखंडाने काळवंडलेली. माहुल गावचे कोळी, पण तीस वर्षं चेंबूरच्या एका कारखान्यात लेथवर लोखंड कातणारे टर्नर. घरचे बाकीचे सगळे मासेमारीत. त्यांनी पिशवीतून कॅलेंडरचं पान काढलं आणि उलटं करून टेबलावर पसरलं.

‘बंदूक हाय,’ ते म्हणाले. ‘पन गोळीची नाय. दोराची.’

साहेबांनी चष्मा वर केला.

‘मागच्या साली आमच्या पुतन्याच्या होडीचं इंजिन बंद पडलं. खडपाच्या अंगाला, पान्यातल्या खडकांपाशी. आमी दुसऱ्या होडीत. जवळ जाववत नव्हतं, आमीच फुटलो असतो. तीन टायमाला दोर फेकला. माझा हात पोचला नाय.’ त्यांनी दोन्ही हात पसरले. ‘इतका एक वाव. असे चार वाव कमी. होडीत चौघं होते. दोन गावले.’

पुतण्या कुठल्या दोघांत होता ते आम्ही विचारलं नाही. त्यांनीच थोड्या वेळाने सांगितलं. सापडलेल्या दोघांत तो नव्हता.

मोठ्या जहाजांवर दोर फेकायच्या बंदुका असतात, हे त्यांनी गोदीत पाहिलं होतं. पण त्या जड, आणि काडतुसं परदेशातून यायची. हिराजीकाकांना छोट्या होडीवाल्याला परवडेल अशी हवी होती: खांद्याला लावायची, तोंडाशी दोर बांधलेला लोखंडी दांडा, आणि काडतुसाऐवजी कागदात वळलेली दारूची वडी. मागचं झाकण फिरवून बंद करायचं.

साहेबांनी मजकुराला हात घालण्याआधी पेन खाली ठेवलं. ‘हिराजी, एक नीट ऐका. बंदूक कागदावर काढायला परवाना लागत नाही. लोखंडात करायला लागतो. विनापरवाना केलीत तर तुरुंग. कळलं?’

‘कळलं,’ ते म्हणाले.

पुढचे दोन महिने ते दर शनिवारी दुपारी यायचे. माझ्या बाजूला स्टुलावर बसून बोट न टेकवता दाखवायचे. मला बाय म्हणायचे, मी त्यांना काका. टर्नर माणसाला चित्र वाचता येतं. माझी एक रेघ चुकली की त्यांची मान तिथेच थांबायची. असं गिऱ्हाईक मिळणं हे आमच्या धंद्यात भाग्य.

एका शनिवारी म्हणाले, ‘बाय, ह्या झाकणाची ही कड गोल कर. अंगठ्याला कापते.’

मी रबर उचललं, कड खोडली, गोल केली. पेनात शाई भरली आणि तशीच थांबले. कागदावरची कड कुणाच्या अंगठ्याला कापत नाही.

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. त्यांनी हात हळूच मांडीखाली घेतला.

सोमवारी मी कापलेली आकृती पूर्ण करायला घेतली आणि दुसरी गोष्ट दिसली. भाग सात म्हणजे झाकण. भाग नऊ म्हणजे वडीवर आपटणारा टोचा. भाग अकरा म्हणजे चाप. झाकण पूर्ण फिरलं की त्याचे दात खाचेत बसतात आणि ते घट्ट होतं. पण अर्धं फिरलेलं असताना चाप ओढला तर? मी पट्टी लावून पाहिलं. पुन्हा पाहिलं. टोचा तेव्हाही वडीपर्यंत पोचत होता. झाकण उघडंच असताना बार उडणार, आणि झाकण सरळ मागे येणार. मागे, म्हणजे खांद्याला लावून गाल टेकवलेल्या माणसाच्या तोंडावर.

शांतपणे, वेळ घेऊन फिरवलं तर हे कधीच होणार नाही. पण ही बंदूक शांत वेळेसाठी नव्हतीच. ओल्या हाताने, हलत्या होडीत, माणसं बुडताना घाईने फिरवायची होती.

मी साहेबांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. ते उठले, दोन्ही खोल्यांमधला दरवाजा लावला, जरी पलीकडे कुणी नव्हतं.

‘केलीय म्हणतेस?’

‘अंगठा कापलाय त्यांचा.’

‘दाढी करताना कापला असेल.’

‘अंगठा, साहेब?’

ते बराच वेळ टेलिफोनकडे बघत बसले. एकदा रिसीव्हर उचललाही. ‘पोलिसांना सांगितलं तर घरचे सगळे आत जातील. शेजारी तेलाचे कारखाने, तिथे दारू आणि बंदूक सापडली म्हटल्यावर कोण विचारणार दोराची होती की कशाची? आणि नाही सांगितलं, आणि ती फुटली, तर त्याच्या घरात माझ्या शिक्क्याचा कागद आहे.’ त्यांनी रिसीव्हर ठेवला. ‘कागद परत कर त्याचे. आम्हाला जमत नाही म्हणून सांग.’

‘मग तो दोष त्यांना कोण सांगणार?’

‘वंदना, बुद्धी त्याची...’

‘तोंडही त्यांचंच आहे, साहेब.’

साहेबांशी मी असं कधी बोलले नव्हते.

त्या आठवड्यात मी दोषावरचा उपाय कागदावर काढून ठेवला. शनिवारची वाट पाहत राहिले; शनिवारी हिराजीकाका आलेच नाहीत. साडेपाच वाजले, सहा वाजले. आता तर खात्रीच झाली की काहीतरी घडलं आहे. जिना वाजला की मी उठायचे. वर यायचा तो खालच्या दुकानातला माणूस.

रविवारी सकाळी मी आईला ‘ऑफिसचं काम आहे’ म्हणून सांगितलं आणि बसने चेंबूर, तिथून माहुल गाठलं. जाड पुठ्ठ्यातून भाग सात, नऊ आणि अकरा कापून टाचण्यांनी जोडून घेतले होते, म्हणजे फिरवून दाखवता येईल. रस्त्याच्या एका बाजूला कारखान्यांच्या टाक्या, दुसऱ्या बाजूला वाळत घातलेली मासळी. दोन्ही वास एकमेकांत इतके मिसळलेले की नाक गोंधळून जावं.

घर सापडलं. दारात हिराजीकाकांच्या बायको यमुनाकाकी बोंबील उलटत होत्या.

‘ते दर्यात गेलेत,’ त्या म्हणाल्या. ‘दोर फेकून बघतो म्हनले.’

‘बंदूक घेऊन?’ मी ओरडले, तशी त्यांनी मला ओढून उंबऱ्यावर बसवलं. ‘काय झालं गो? कोन तू?’

मी सांगितलं, सगळं. त्यांना बंदुकीचं माहीत होतं, झाकणाचं नव्हतं. त्यांनी बोंबील तसेच टाकले आणि आम्ही दोघी धक्क्यावर जाऊन उभ्या राहिलो. ओहोटी लागली होती. लांब तिवरांच्या पलीकडे कुठेतरी धप्प असा आवाज झाला. कारखान्यातला असेल, गाडीचा असेल. काकींनी माझं मनगट धरलं होतं. त्यांची पकड त्या आवाजाबरोबर घट्ट झाली आणि सैल झालीच नाही. पुढचा अर्धा तास आम्ही तिथेच उभ्या होतो. मी मनात भाग सातचे दात मोजत होते. तीन होते. तीनच होते. तरी मोजत होते.

मग एक होडी वळून आली. सुकाणूवर हिराजीकाका एकटेच होते. उन्हात त्यांचं तोंड दिसलं, धड होतं.

‘अगो बाय, तू?’ ते हसत होते. पायाशी गोणपाटात काहीतरी गुंडाळलेलं. ‘चार बार काढले! तीस वाव गेला दोर. तीस! अजून एक काढनार होतो, पन पानी उतरलं.’

उलट्या घातलेल्या एका होडीवर मी पुठ्ठा ठेवला. झाकण अर्धं फिरवलं आणि चाप दाबला. पुठ्ठ्याचा टोचा पुढे सरकला. काही बोलायची गरज नव्हती. ते टर्नर होते.

‘पुन्यांदा कर,’ ते म्हणाले. मी केलं.

त्यांनी गोणपाट उघडलं, नळी रिकामी आहे हे दोनदा बघितलं, झाकण अर्धं फिरवलं आणि चाप ओढला. टक्. पुन्हा. टक्. आवाज इतका बारीक होता. त्यांनी उजवा तळहात गालावर ठेवला, चार वेळा जिथे लाकडी दस्ता टेकला होता तिथे, आणि खाली बसले.

‘एक अडकवण टाकायची,’ मी म्हणाले. ‘पंधरावा भाग. झाकण पूर्ण बसल्याशिवाय चाप हलणारच नाही. मी काढून आणलीय. पण कागदावरच, काका. लोखंडात नाही.’

‘कागद दोर फेकत नाय, बाय.’

यमुनाकाकी मध्ये आल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातून ती वस्तू घेतली आणि विचारलं, ‘ह्यातला कंचा तुकडा काडला की ही नुसता पाइप होते?’ काकांनी बोटाने दाखवलं. ‘काड,’ त्या म्हणाल्या. त्यांनी मुकाट झाकण काढलं. ‘हिला दे. घरात ऱ्हायलं तर तू परत बसवशील.’

‘बसवीन,’ काका म्हणाले. खरं तेच बोलले.

अशा रीतीने विनापरवाना बंदुकीचा सगळ्यात महत्त्वाचा तुकडा, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुके बोंबील ठेवून, मी कापडी पिशवीतून घाटकोपरला नेला. कायद्याने हे चूक होतं, मला तेव्हाही माहीत होतं. बसमध्ये एक हवालदार माझ्या शेजारी येऊन बसला. त्याने नाक मुरडलं आणि दोन थांब्यांनंतर दुसरीकडे जाऊन बसला. बोंबलांचे एवढे उपकार मी कधी मानले नव्हते. घरी पोचले तर आईने पिशवी सरळ स्वयंपाकघरात नेली. मी धावत जाऊन हिसकावली. ‘अगं, बोंबीलच आहेत ना?’ ‘ऑफिसचे आहेत,’ मी म्हणाले. आई पुढचे कित्येक दिवस माझ्याकडे संशयाने बघत होती. तिला वाटलं, कुणी कोळ्याचा मुलगा आहे.

सोमवारी तुकडा साहेबांच्या टेबलावर ठेवला. मला वाटलं आता टेलिफोन उचलतील. त्याऐवजी त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, खाली गेले, बेअरिंगवाल्याला म्हणाले, ‘जरा शिकंजा आणि करवत दे, घरचं काम आहे.’ आयुष्यभर फक्त पेन धरलेला तो माणूस जेवणाच्या सुट्टीत तासभर लोखंड कापत होता. दोन पाती मोडली. मी दाराशी उभी राहून रस्त्यावर लक्ष ठेवत होते. तीन तुकडे झाले. ते त्यांनी स्वतःच तीन वेगळ्या भंगारवाल्यांकडे टाकले. परत आले तेव्हा तळहातावर फोड होते. खुर्चीत बसून म्हणाले, ‘पंधरावा भाग नीट काढ. अर्ज करू.’

अर्ज हिराजीकाकांच्या नावाने, अडकवणीसकट गेला. आमची कल्पना होती की हक्क मिळाला की परवाना असलेला एखादा कारखाना ती रीतसर बनवील. काही महिन्यांनी सरकारी पाकीट आलं. आम्ही ते तिघांनी मिळून फोडलं. त्यात लिहिलं होतं की हा शोध संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो, म्हणून पुढचा हुकूम होईपर्यंत तो गुप्त ठेवावा. कुणालाही दाखवू नये, सांगू नये. कायद्यात तशी तरतूद आहे. बुडत्याला दोर फेकायची वस्तू सरकारी गुपित झाली.

साहेबांनी अर्थ समजावून सांगितला. काका ऐकून घेत राहिले. ‘म्हंजे चांगली हाय म्हनून लपवली?’

‘तसंच समजा,’ साहेब म्हणाले, आणि खिडकीकडे वळले.

साहेबांनी पत्रं लिहिली, स्मरणपत्रं लिहिली. पोच यायची, उत्तर यायचं नाही. दोन वर्षं अशी गेली.

मग एका सप्टेंबरात यमुनाकाकी स्वतः ऑफिसात आल्या. वादळात गावची एक होडी पुन्हा खडपाकडे ओढली गेली होती, तीन माणसांसकट. दोर पुन्हा पोचला नाही. तेव्हा हिराजीकाकांनी दोराचं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि उडी मारली. त्या वयात. तिघंही वाचले. काकांना लाटेने खडकावर आपटलं. उजवा खांदा गेला.

मी आणि साहेब दोघंही इस्पितळात गेलो. काका उशाला टेकून बसले होते, हात पट्ट्यांत. साहेबांनी सफरचंदं ठेवली. ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

मी विचारलंच. गेले दोन दिवस दुसरं काही डोक्यात नव्हतं. ‘काका, झाकण तुमच्याकडे असतं तर उडी मारावी लागली नसती. माझा राग आलाय का?’

त्यांनी लगेच ‘छे छे’ म्हटलं नाही. माप घेताना घ्यायचे तसा वेळ घेतला. ‘उडी मारली तवा आला व्हता,’ ते म्हणाले. ‘पान्यात पडलो आनि तुझंच नाव घेतलं. चांगलं नाय घेतलं.’

मी मान खाली घातली.

‘आनि हात बघ,’ त्यांनी डाव्या हाताची बोटं उघडली. थरथरत होती. ‘त्या दिवशी असे कापत व्हते. दोर वळता येत नव्हता धड. झाकन मी अर्धंच फिरवलं असतं, बाय. शंभर टक्के.’

‘पंधरावा भाग बसवला असता तर...’

‘तर बरं झालं असतं,’ ते म्हणाले. ‘पन तो कागदावर व्हता.’

यमुनाकाकी इतका वेळ सफरचंद कापत होत्या. त्यांनी एक फोड नवऱ्याच्या तोंडात कोंबली, एक माझ्या हातावर ठेवली.

‘खांदा गेला तर गेला,’ त्या म्हणाल्या. ‘थोबाड शाबूत हाय. किती बडबडतंय बघ.’

काका हसायला लागले आणि खांदा दुखला म्हणून कळवळले, आणि तरी हसत राहिले. मीही हसले. व्हरांड्यात साहेबांनी वळून पाहिलं. आत काय चाललंय ते त्यांना कळेना.